एकच कायदा, एकच ग्रेड, तरी बाईचा पगार कमी का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे, कंपन्यांमध्ये पदाला ग्रेड आणि ग्रेडला पगार ठरलेला असतो, मग बायकांना पुरुषांपेक्षा कमी पैसे मिळतात हे खरं कसं? की बायका स्वतःच हलकी कामं निवडतात, मध्येच नोकरी सोडतात आणि म्हणून त्यांची सरासरी खाली येते?

मी पगाररचनेचं काम करते. आधी चाकण-रांजणगाव पट्ट्यातले कारखाने, नंतर पुण्यातल्या आयटी कंपन्या. ग्रेड ठरवणं, ऑफरचे आकडे तपासणं, वार्षिक वाढीचे तक्ते बनवणं हे माझं रोजचं काम. पगाराचा आकडा कागदावर कुठे उमटतो आणि कोणाच्या हातून उमटतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. उत्तरही तिथूनच देते.

एकाच पदावर, एकाच दिवशी लागलेल्या बाईला आणि पुरुषाला उघडउघड वेगळा पगार देणारी कंपनी आजही सापडते. पण फरकाचा मोठा भाग तिथे पडत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी आणि नंतर पडतो. कामाला कोणतं नाव आणि कोणती श्रेणी दिली, सुरुवातीचा आकडा कशावरून ठरवला, मूल झालं ते वर्ष कसं मोजलं, कोणत्या तासांना जास्त भाव दिला, या प्रश्नांची उत्तरं पगाराच्या स्लिपवर छापलेली नसतात. कायदा मात्र 'समान काम' दिसल्यावरच जागा होतो. काम आधीच वेगळं ठरवून ठेवलं असेल तर त्याला पकडायला काही उरत नाही.

कामाच्या नावापासून सुरुवात करते, कारण तिथे सर्वोच्च न्यायालयाने फार स्वच्छ बोलून ठेवलं आहे आणि तो खटला मुंबईतलाच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डि'कोस्टा 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' होत्या. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी समान वेतन कायद्याखाली दावा लावला की पुरुष स्टेनोग्राफर तेच काम करून जास्त पगार घेत होते. पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखंच आहे हे मान्य केलं, पण पगार युनियनशी झालेल्या करारानुसार दिला आहे म्हणून दावा फेटाळला. अपिलात तो मंजूर झाला आणि कंपनी वरच्या कोर्टात गेली. या बायका वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडलेल्या असल्याने त्यांचा वर्गच वेगळा, करारावर युनियनची सही आहे, आणि समान पगार आम्हाला आर्थिकदृष्ट्या झेपणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं नाकारलं. त्या जागांवर फक्त बायका दिसतात त्या व्यवस्थापनाने तिथे बायकाच ठेवल्या म्हणून. करार करून कायदा टाळता येत नाही. आणि कंपनीची ऐपत हा या कायद्यात मुद्दाच नाही. फरकाची रक्कम होती सुमारे ७,२०० रुपये. तेवढ्यासाठी एका बाईला जवळजवळ दहा वर्षं आणि चार पायऱ्या चढाव्या लागल्या.

हा निकाल मी नव्याने एचआरमध्ये आलेल्या मुलामुलींना आवर्जून वाचायला देते. पदाच्या नावात 'लेडी' लिहिण्याची पद्धत आता गेली, पण त्यामागचं तंत्र गेलेलं नाही. आता ते श्रेणीच्या रूपात चालतं.

चाकणच्या बाजूला वायर हार्नेस बनवणाऱ्या लाइनवर उभं राहून पाहा. गाडीच्या आत जी वायरींची जुडगी असतात, ती तिथे बोर्डावर मांडून बांधली जातात. डझनावारी रंगांच्या वायरी, प्रत्येकीचं टोक ठरलेल्या कनेक्टरमध्ये, ठरलेल्या क्रमाने, घड्याळाशी बांधलेल्या गतीने. एक वायर चुकीच्या खाचेत गेली तर पुढे गाडी परत बोलवावी लागू शकते. या लाइनवर बहुतांश मुली असतात आणि श्रेणी बहुधा 'अकुशल' किंवा 'अर्धकुशल'. शेजारच्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा 'कुशल'. कारण विचारलं तर सांगतात, त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे. हार्नेसवरच्या मुलीलाही आठवडेच्या आठवडे शिकावं लागतं, पण त्या शिक्षणाचं सर्टिफिकेट कोणी बनवलेलंच नाही. उलट मॅनेजर कौतुकाने म्हणतात, 'बारीक काम बायकांच्या हाताला उपजतच असतं.' उपजत म्हटलं की ते कौशल्य राहत नाही आणि कौशल्य नसलं की त्याचे पैसे लावायची गरज उरत नाही. किती कारखान्यांच्या श्रेणीतक्त्यात हे एवढंच कारण दडलेलं असतं, ते तक्ता उघडल्याशिवाय कळत नाही.

यात पुढची शिडीही येते. सुपरवायझर नेमताना उत्पादन आणि मेंटेनन्समधली माणसं बघितली जातात, पॅकिंग आणि इन्स्पेक्शनमधली क्वचित. म्हणजे ज्या विभागांत बायका आहेत, तिथून वर जाणारी वाटच आखलेली नाही. दहा वर्षांनी कोणी सरासरी काढली तर बायका खाली आणि पुरुष वर दिसतात, आणि म्हटलं जातं, त्यांनी बढतीसाठी प्रयत्नच केले नाहीत.

शिवाय ठेकेदाराचा मामला आहे. कायद्यातली तुलना एकाच मालकाकडच्या कामगारांची असते. लाइनवरच्या मुली ठेकेदाराच्या पटावर आणि कायम कामगार कंपनीच्या पटावर असले, तर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांची तुलना करायलाही वेगळी आणि लांबची वाट धरावी लागते. ठेकेदारी केवळ बायकांसाठी असते असं नाही, पण कुठल्या लाइन आधी ठेकेदारीवर जातात ते पाहावं.

शेतीत हेच जास्त उघडं आहे, कारण तिथे तक्ता वगैरे करायची गरजही कोणाला वाटत नाही. खुरपणी, कापूस वेचणी बाईची; फवारणी, नांगरट पुरुषाची. फवारणीचा रोज खुरपणीच्या दीडपटीहून जास्त असणं नेहमीचं. किमान वेतनाच्या दरात बाई-पुरुष असा भेद नाही, पण गावातला रोज दरपत्रक बघून ठरत नाही, कामावरच बाईचं किंवा पुरुषाचं असा शिक्का असतो. दिवसभर उन्हात वाकून खुरपणं हे फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापेक्षा हलकं आहे, असं म्हणणाऱ्याने एक दिवस खुरपून बघावं.

आणि ऊसतोडीत बाईचा पगार वेगळा लिहिलाच जात नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतली जाते ती बहुतेक नवऱ्याच्या हातात येते. ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणं यात बाईचा अर्धा वाटा असतो, पुष्कळदा अर्ध्याहून जास्त, शिवाय पहाटे उठून भाकरी तिनेच थापायच्या. टनाचा हिशोब होतो तो कोयत्याचा. अशा जोडीत बाईला किती कमी मिळतं हे कुठलंही सर्वेक्षण सांगू शकत नाही, कारण तिच्या नावावर रक्कमच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने चौकशी समितीही नेमली. खाडा झाला की दंड, आणि पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, या हिशोबाशी तो प्रश्न थेट जोडलेला होता. मजुरी स्वतंत्र मोजली न जाण्याची किंमत शरीरापर्यंत पोचते.

याच महाराष्ट्रात उलट उदाहरणही घडलं आहे आणि ते विसरलं जातं. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आणि पुढे १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेत मजुरी कामाच्या मापावर होती आणि बाई-पुरुषाला दर एकच होता. खडी फोडली, माती उचलली, तेवढे पैसे. दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, त्याचं हे एक मोठं कारण. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही समान दर कायम राहिला. दर आधी जाहीर असेल आणि माप सगळ्यांसमोर होत असेल तर फरक टिकवणं कठीण जातं, हे आपण स्वतःच्या राज्यात करून पाहिलेलं आहे.

आता ऑफिसकडे येते. इथे श्रेणीचा प्रश्न कमी आणि पहिल्या आकड्याचा जास्त.

आपल्याकडे नोकरी बदलताना पहिला प्रश्न असतो: सध्याचा सीटीसी, म्हणजे वर्षाचा एकूण पगार, किती? मग मागच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप मागवतात आणि त्यावर वीस-तीस टक्के देऊन ऑफर बनते. वरवर हे निःपक्षपाती दिसतं. पण यात मागच्या कंपनीतला, त्याच्याही मागच्या कंपनीतला, अगदी कॉलेजमधून निघतानाचा फरक नव्या ठिकाणी जशाच्या तसा येतो. एक साधा हिशोब करू. दोन इंजिनियर, एकाला वर्षाला ४ लाख, एकीला ३ लाख ६० हजार. फरक महिन्याला साडेतीन हजारांच्या आत, कोणाला खुपणारही नाही. दोघांना दरवर्षी अगदी सारखी, १० टक्के वाढ मिळाली असं धरा. कुठलाही भेदभाव नाही. दहा वर्षांनंतर तो सुमारे १० लाख ३७ हजारांवर असतो, ती ९ लाख ३४ हजारांवर. मधल्या दहा वर्षांत तिच्या हातात एकूण सव्वासहा लाखांहून जास्त रक्कम कमी आलेली असते. बोनस पगाराच्या टक्क्यात, पीएफ मूळ पगाराच्या टक्क्यात, ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर. म्हणजे फरक निवृत्तीनंतरही सोबत असतो.

पहिल्याच ऑफरमध्ये ती ४० हजारांनी मागे का राहिली? 'तिने मागितलं नाही' हे उत्तर नेहमी मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे. पण मागणाऱ्या मुलीबद्दल मुलाखतीनंतर खोलीत काय बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे. मुलाने आकडा ताणला तर 'आत्मविश्वास आहे', मुलीने ताणला तर 'जरा जास्तच करते'. शिवाय तिला विचारलं जातं की लग्न झालंय का, सासर कुठे, नवऱ्याची बदली होते का. जी मुलगी पुण्यातच राहणार हे कळलं, तिला दुसरी ऑफर मिळण्याची शक्यता कमी, हे ओळखून आकडा खाली धरला जातो. नवऱ्याच्या गावात नोकरी शोधणाऱ्या बाईची घासाघीस करण्याची ताकद किती कमी असते, हे भरती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

युरोपीय संघाने २०२३ च्या पगार-पारदर्शकतेच्या निर्देशात उमेदवाराला मागचा पगार विचारायलाच बंदी घातली आणि पदाचा पगार आधी सांगणं बंधनकारक केलं. आपल्याकडे असा कायदा नाही. पण कोणत्याही कंपनीला हे स्वतःहून करता येतं. पदाला किमान-कमाल पट्टा ठरवायचा, ऑफर त्या पट्ट्यातून काढायची, पे-स्लिप मागायचीच नाही. एवढा एक बदल माझ्या अनुभवात भाषणांच्या आणि कार्यशाळांच्या कितीतरी पट काम करतो.

तरीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांतला फरक तुलनेने लहान असतो. तो खरा उघडतो मूल झाल्यावर. अमेरिकेत बर्ट्रांड, गोल्डिन आणि कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी शिकागो विद्यापीठातून एमबीए झालेल्यांचा अभ्यास केला. पदवीनंतर लगेच स्त्री-पुरुषांचे पगार जवळजवळ सारखे होते, आणि दहा-पंधरा वर्षांत अंतर प्रचंड वाढलेलं होतं. कारणं मुख्यतः नोकरीतले खंड आणि कामाचे तास, आणि दोन्हींचं मूळ मुलांमध्ये. डेन्मार्कसारख्या, पाळणाघरं आणि रजा यांची चंगळ असलेल्या देशातही क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्या मुलानंतर आईची कमाई दीर्घकाळ सुमारे वीस टक्क्यांनी मागे राहते, बापाची राहत नाही.

आपल्याकडे हे नेमकं कसं घडतं ते सांगते. वार्षिक अप्रेझलला रेटिंग वाटायची असतात आणि प्रत्येक टीमला ठरलेल्या प्रमाणातच वरची रेटिंग मिळतात. टीममधली एक जण त्या वर्षी सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होती. मॅनेजरला कोणाला तरी मधलं किंवा खालचं रेटिंग द्यायचंच आहे. बहुतेक वेळा तो तिला देतो. वाईट हेतू नसतो. 'तिने सहाच महिने काम केलं, बाकीच्यांवर अन्याय नको' असा विचार असतो. ८ लाखांवरच्या बाईला १२ ऐवजी ६ टक्के मिळाले तर ४८ हजारांचा फरक पडतो, तो पुढच्या प्रत्येक वाढीबरोबर फुगतो, आणि त्या वर्षीची बढतीही हुकते. रजा भरपगारी होती, कायदा पाळला गेला, तक्रारीला जागा नाही. रजेच्या वर्षात मागच्या दोन वर्षांचं रेटिंग ग्राह्य धरायचं, एवढा नियम केला की हे थांबतं. फार थोड्या कंपन्यांनी तो लेखी केला आहे.

रजेच्या कायद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. बाळाच्या आणि आईच्या दृष्टीने ते आवश्यकच होतं. पण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, हिच्या बाहेरच्या नोकऱ्यांत हा पूर्ण खर्च एकट्या मालकावर आहे, आणि खासगी क्षेत्रात बापाला कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही. मग पंचविशी-तिशीतली बाई म्हणजे खर्च, असं समीकरण मालकाच्या डोक्यात पक्कं होतं, विशेषतः लहान कंपन्यांत. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा ओळखला होता. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, आणि बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असल्याने काही भार त्याच्यावर टाकायला हरकत नाही, असं त्यांनी मांडलं. सरकारने उचलायचा तो मोठा वाटा जवळजवळ शंभर वर्षांनीही आलेला नाही. माझ्या मते रजेचा खर्च सामाजिक विम्यातून आणि बापालाही सक्तीची, हस्तांतरित न होणारी रजा, या दोन गोष्टी झाल्याशिवाय भरतीतला हा संशय जाणार नाही.

पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असंही २०१७ च्या त्याच दुरुस्तीने ठरवलं. किती ठिकाणी ते खरंच चालतं, हे तुमच्या ऑफिसात विचारून पाहा.

मग येतात घरातले तास. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. मुलाबाळांची, म्हाताऱ्यांची काळजी याखेरीज. हा आकडा पगाराच्या चर्चेत आणायचं कारण असं की बाजार सगळ्या तासांना सारखा भाव देत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातला हा गाभ्याचा भाग. कायम उपलब्ध असणाऱ्याला, रात्री दहाला फोन उचलणाऱ्याला, उद्या सकाळी चेन्नईला जा म्हटलं की जाणाऱ्याला काही व्यवसाय तासांच्या प्रमाणाबाहेर जास्त पैसे देतात. जोडप्यातल्या एकाने ती नोकरी घ्यायची तर दुसऱ्याला शाळेच्या सुट्टीच्या वेळेत घरी पोचता येईल अशी नोकरी धरावी लागते. ती कोण धरतं हे सांगायला नको. गोल्डिन आणि कॅट्झ यांनी औषधविक्रीच्या व्यवसायाचं उलट उदाहरण दिलं आहे. अमेरिकेत दुकानांच्या साखळ्या आल्या, ग्राहकाची नोंद संगणकावर गेली, एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू लागला, आणि त्या व्यवसायातलं स्त्री-पुरुष अंतर खूप कमी झालं. काम एका माणसाच्या चोवीस तासांवर अवलंबून ठेवायचं की नाही, हे ठरवता येतं. हिंजवडीत परदेशी क्लायंटचे संध्याकाळचे कॉल टीममध्ये आळीपाळीने वाटले की तोच परिणाम दिसतो. एकाच 'समर्पित' माणसावर टाकले की बढतीही त्याच्याकडे जाते.

कारखान्यात याच तासांचं रूप म्हणजे रात्रपाळी आणि ओटी (ओव्हरटाइम). १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना साधारणपणे संध्याकाळी सातनंतर काम करायला मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की रात्रपाळीचा भत्ता आणि दुप्पट दराचा ओटी या मिळकतीच्या मोठ्या तुकड्यांपासून बायका बाहेर, आणि 'तिन्ही पाळ्यांना चालणारा माणूस' हवा म्हणून भरतीतही मागे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने संमती आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रीचं काम खुलं केलं. केंद्राच्या नव्या श्रमसंहितांनीही तीच दिशा घेतली. पण रात्री अकराला बाईला घरापर्यंत सोडणारी गाडी नसेल तर परवानगीचा उपयोग काय?

आता तुमच्या प्रश्नातल्या 'निवडी'कडे. शिक्षण, अनुभव, पद, क्षेत्र, तास हे सगळं हिशोबात धरलं की फरक बराच लहान होतो, हे खरं आहे. ब्लाउ आणि कान या अर्थतज्ज्ञांच्या अमेरिकेवरच्या अभ्यासात २०१० च्या आकडेवारीत तासाच्या पगारातला सुमारे २१ टक्के फरक अशा हिशोबानंतर ८ टक्क्यांवर आला. लोक इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा, भेदभाव एवढाच. पण मी वर सांगितलं ते आठवा. 'अर्धकुशल' श्रेणी ही हिशोबात धरायची गोष्ट आहे की फरकाचं कारण? रजेमुळे हुकलेली बढती 'पद' या रकान्यात टाकून वजा केली, तर आपण भेदभाव मोजला की पुसला? उरलेले ८ टक्के जसे पूर्ण भेदभावाचे नाहीत, तसे वजा झालेले १३ टक्के पूर्ण निवडीचे नाहीत. जिच्या घरी संध्याकाळी सहानंतर मूल सांभाळायला कोणी नाही, तिने लवकर सुटणारी नोकरी घेतली, ही निवड म्हणायची तर म्हणा. पर्याय कोणी ठेवले होते तेही मग लिहावं.

भारतात एक वेगळी अडचण आहे. पगार मोजले जातात ते पगार मिळवणाऱ्यांचे. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग ४१.७ टक्के आहे, पुरुषांचा ७८.८ टक्के. आणि काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस आहेत. त्यांचा पगार शून्य, आणि शून्य सरासरीत धरत नाहीत. अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका दिवसभर राबतात, नोंदवह्या भरतात, मोबाइलवर माहिती चढवतात, पण सरकारी भाषेत त्या मानधनावरच्या, म्हणून किमान वेतनाच्या बाहेर. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. लाखो बायकांचं पूर्ण वेळेचं काम सेवा म्हणून कमी पैशांत करून घेणारा इथे खुद्द सरकारच असल्यावर खासगी मालकाला कोण काय सांगणार?

तुमच्या स्वतःच्या कंपनीत काय चाललंय हे पाहायचं असेल तर सुरुवात अगदी सोपी आहे. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाच्या नियमाने वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, द्यावा लागतो. त्यात पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला) वेगवेगळा छापलेला असतो, संचालक, कर्मचारी आणि कामगार असा विभागून. कंपनीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही वाचता येतो. नुसता फरक बघून निष्कर्ष काढू नका. कामगारांच्या ओळीत बायकांची संख्या किती, तेही पाहा. एचआरमध्ये असाल तर माझा क्रम असा असतो: एकाच पदावर लागलेल्यांचे पहिले पगार, त्या पदावरून पुढच्या पदावर जायला लागलेली वर्षं, आणि बाळंतपणाच्या रजेच्या वर्षातली रेटिंग. या तीन तक्त्यांत बहुतेक सगळं सापडतं.

दावा लावायची वेळ आली तर आता १९७६ चा कायदा नाही. नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता लागू आहे. तिच्यात 'समान स्वरूपाचं काम' ठरवताना कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी यांच्या जोडीला 'अनुभव' हा शब्द आला आहे, जो जुन्या कायद्यात नव्हता. मूल झाल्यावर घरी राहिलेल्या दोन वर्षांकडे बोट दाखवून मालक याच शब्दाचा आधार घेईल, अशी मला भीती आहे. म्हणून दाव्यात पदाच्या कामाला प्रत्यक्षात किती अनुभव लागतो, ते भरतीच्या जाहिरातीतून आणि पदाच्या वर्णनातून दाखवा. व्याख्येत शब्द कामाला लागणाऱ्या अनुभवाबद्दल आहे, माणसाकडे असलेल्या अनुभवाबद्दल नाही. दावा करायला मुदत तीन वर्षांची आहे, आणि अधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. ऑफर लेटर, प्रत्येक वर्षाचं वाढीचं पत्र आणि रेटिंगचा ईमेल कंपनीच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतःजवळ ठेवा, आणि नोकरी सोडायच्या आधीच ठेवा, कारण शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं.